रूपकाची मर्यादा : अंगुलिमाल सुत्ताचे एक वाचन

धम्मग्रंथांतील कथा चित्तशुद्धीची रूपके म्हणून वाचण्याची पद्धत आता सर्वपरिचित आहे. ती निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. सुत्तनिपातातील पधानसुत्तात माराच्या सेनेची गणना येते. काम, अरती, भूक-तहान, तृष्णा, आळस, भय, शंका, दंभ अशी ही सेना आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही मार म्हणजे मनातील कुविचार व विकार, असाच अर्थ घेतला आहे. येथे रूपक मूळ संहितेतच आहे. ते वाचकाने लादलेले नाही.

मज्झिमनिकायातील अंगुलिमाल सुत्ताची गोष्ट निराळी आहे. दरोडेखोर म्हणजे आपले उच्छृंखल मन, बोटांची माळ म्हणजे आसक्ती आणि तथागतांचे थांबणे म्हणजे आत्मसंयम, असा अर्थ लावला जातो. परंतु आपण थांबलो आहोत म्हणजे सर्व प्राणिमात्रांविषयी दंड टाकून दिला आहे, असे तथागत स्वतःच सांगतात. अर्थात, या संयमाची व्याख्याच इतरांच्या संदर्भात केलेली आहे.

पुढचा कथाभाग तर रूपकात मुळीच मावत नाही. अंगुलिमालाने गावे उजाड केली आहेत. पसेनदी राजा पाचशे घोडेस्वारांसह त्याच्या शोधात निघाला आहे. अर्हत झाल्यानंतरही श्रावस्तीत भिक्षाटन करताना त्याचे डोके फुटते, पात्र मोडते, चीवर फाटते आणि तथागत त्याला हे सहन करावयास सांगतात. चित्त पालटले म्हणून कृत्याचा हिशेब पुसला जात नाही. कथा केवळ मनात घडली असे मानले, तर मारल्या गेलेल्या माणसांना तीत जागाच उरत नाही.

बाबासाहेबांनी ही कथा पतित व गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात घातली, हे अर्थपूर्ण आहे. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणही त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरील शाक्य-कोलीय संघर्षात शोधले. मनाचे संस्करण त्यांनी धम्माचे सार मानले. मात्र त्याची कसोटी माणसामाणसांतील व्यवहारात ठेवली.

ज्या समाजाने पाण्यासाठी महाडला सत्याग्रह केला, त्याला हा भेद गौण वाटू नये. अन्यायाचे केवळ आंतरिक रूपक केले, की पीडितालाच मन जिंकण्याचा उपदेश मिळतो आणि पीडक अनुल्लेखित राहतो. म्हणून रूपक अवश्य वाचावे. पण त्या वाचनातून दुसरा माणूस नाहीसा होत असेल, तर ते वाचन धम्माचे नव्हे.