‘सजेस्ट’: सुचवतं कोण आणि काय?

आज एकाच इंग्रजी क्रियापदाबद्दल बोलतो. ‘सजेस्ट’.

‘सजेस्ट मी अ गुड बुक’ हे आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. व्याकरणाची पुस्तकं त्यावर फुली मारतात, पण माणूस तिथवर का पोचला हे सांगत नाहीत. ‘मला पुस्तक सुचवा’ हे मराठीत अगदी शुद्ध आहे. ‘सुचणे’चं प्रयोजक रूप ‘सुचवणे’. ज्याला सुचतं त्याला आपण ‘ला’ लावतोच. इंग्रजीत ‘गिव्ह मी’ चालतं, ‘सजेस्ट मी’ नाही. माणूस आणायचाच असेल तर ‘टू मी’. ‘सजेस्टेड मी टू गो’ ही तर ‘अ‍ॅडव्हाइज्ड मी टू गो’ची नक्कल.

पण हे किरकोळ झालं, अर्थ पोचतोच की. खरा घोटाळा पुढे आहे. चौकशी अहवालात ‘द कमिटी सजेस्टेड दॅट ही वॉज सस्पेंडेड’ असं वाक्य आलं, तर तो निलंबित होता असा समितीचा कयास, असा त्याचा सरळ अर्थ. ‘दॅट ही बी सस्पेंडेड’ म्हणजे त्याला निलंबित करावं. ह्यूमने ‘आहे’ आणि ‘असावं’ यांत जी दरी दाखवली, ती इथे एका ‘बी’वर तोलली आहे, आणि तिच्यावर कुणाची तरी नोकरी! ब्रिटिश वळणाच्या लेखनात शिफारशीसाठीही कधी कधी ‘वॉज’ येतो, त्यामुळे गोंधळ वाढतो. ‘शुड बी’ लिहावं, संशयच राहत नाही.

आपली ‘सूचना’ याहून लबाड. पेटीत टाकली तर विनंती, फलकावर लागली तर हुकूम. म्हणूनच साहेबांनी फायलीवर ‘इट इज सजेस्टेड’ लिहिलं की हाताखालचा मुकाट्याने कामाला लागतो. उद्या अंगाशी आलं तर साहेब म्हणणार, मी कुठे सांगितलं होतं? वाक्यात कर्ताच नाही, पकडणार कुणाला?

पॉल ग्राइसने १९६७ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांतलं उदाहरण तुम्हांला ठाऊक असेल. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी गुरुजी शिष्याचं शिफारसपत्र लिहितात: इंग्रजी उत्तम, हजेरी नियमित. बस्स. ‘सजेस्ट’ एकदाही आलेलं नाही, पण मुलगा कामाचा नाही हे समजलं. निवड समितीवर बसलेल्यांना असली पत्रं चांगली परिचयाची असतात. तेव्हा शिफारस मनापासून करायची असेल तर सरळ ‘आय रेकमेंड’ लिहा, आणि पुढच्याच ओळीत त्या मुलाने काय काम केलंय तेही सांगा.