अर्ध्या वचनाचं शीर्षक

बायबलमधल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात एक वचन आहे. त्याच्या पहिल्या भागाचा आशय असा की, इथे आपलं कायमचं असं नगर नाही. दुसऱ्याचा असा की, आपण येणाऱ्या नगराच्या शोधात आहोत. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या कॅथलिक आर्चडायोसिसने शहरातल्या पॅरिशेसच्या भवितव्याची योजना आखली, तेव्हा तिला नाव दिलं ‘सीक द सिटी टू कम’. वचनाचा दुसरा भाग उचलला, पहिला सोडला. लोकांच्या पदरात पडला तो मात्र पहिलाच.

एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेल्या प्रस्तावात ६१ पॅरिशेसच्या २१ होणार होत्या आणि मिस्सा होणारी चर्चेस उरणार होती २६. लोकांनी जाहीर सभांमध्ये आपलं म्हणणं मांडलं. मे महिन्यात आर्चबिशप विल्यम लोरी यांनी अंतिम निर्णय दिला, त्यात २३ पॅरिशेस आणि ३० चर्चेस होती. म्हणजे ऐकलंच नाही, असं म्हणता येत नाही.

गणितावरही माझा आक्षेप नाही. १९५० साली साडेनऊ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरात २०२० च्या जनगणनेत सहा लाखही माणसं उरली नव्हती. भलीमोठी चर्चेस, गळकी छपरं, रिकामे बाक. काहीतरी करणं भाग होतं. मला खटकते ती योजनेची भाषा, आणि योजना हा शेवटी एक मजकूर असतो, तेव्हा तो मजकुरासारखा वाचायला काय हरकत आहे?

या मजकुरात ‘चर्च’ची ‘वर्शिप साइट’ होते. मोबाइल टॉवरची साइट असते, बांधकामाची साइट असते, तशी ही उपासनेची. ज्या दगडी पायरीवर आजी घसरून पडली होती, जिथे आईवडिलांचं लग्न लागलं, ती जागा नकाशावरचा एक ठिपका होते. आणि ठिपका पुसायला फारसं मन घट्ट करावं लागत नाही.

दुसरा लाडका शब्द ‘मिशन’. तो इतका का लागतो, याचं एक उत्तर मला व्हॅटिकनच्या जुलै २०२० च्या सूचनापत्रात सापडतं. धर्मगुरूंची टंचाई किंवा डायोसिसची एकंदर आर्थिक ओढाताण ही पॅरिश बंद करायला पुरेशी कारणं नाहीत, असं ते पत्र बजावतं. मग जे कारण सगळ्यांना दिसतंय, तेच कागदावर उघड मांडणं अवघड होऊन बसतं आणि वाक्यं सुवार्ताप्रसाराकडे वळतात. हे माझं वाचन आहे, कुणाच्या मनातलं मला ठाऊक नाही. पण याच आर्चडायोसिसने सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता, बालकांच्या लैंगिक शोषणाच्या जुन्या प्रकरणांतही दावे लावू देणारा मेरीलँडचा कायदा लागू होण्याच्या दोनच दिवस आधी. त्या अर्जाचा आणि या योजनेचा संबंध नाही, असं आर्चडायोसिसचं म्हणणं. असेलही तसं. पण ज्याला आपलं चर्च सोडायचंय तो वाचक या दोन बातम्या एकत्रच वाचणार.

वसईच्या कॅथलिकांकडे पॅरिशसाठी ‘धर्मग्राम’ हा शब्द आहे आणि डायोसिससाठी ‘धर्मप्रांत’. ‘ग्राम’ म्हणजे गाव, पण ‘गुणग्राम’मधला ग्राम म्हणजे समूह. दोन्ही अर्थ इथे चपखल बसतात. चर्चचा कायदाही (५१५ वं कलम) पॅरिशची व्याख्या श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय अशीच करतो. तिथे इमारतीचं नाव नाही. याचा फायदा दोन्ही बाजू घेतात. योजना आखणारे म्हणतात, पॅरिश म्हणजे माणसं, मग इमारत गेली तर काय बिघडलं? आणि माणसं म्हणतात, पॅरिश आम्ही आहोत ना, मग आम्हाला न विचारता विलीन कोण करतंय? मला दुसरा प्रश्न जास्त प्रामाणिक वाटतो, कारण पहिला विचारणाऱ्याचं काही जात नाही.

या भाषेला मिळालेलं सगळ्यात लांब उत्तर मजकुरात नव्हतंच. बोस्टनच्या आर्चडायोसिसने २००४ मध्ये साठाहून जास्त पॅरिशेस बंद करायला घेतल्या. त्यातलं सिच्युएट गावातलं सेंट फ्रान्सेस झेवियर कॅब्रिनी चर्च लोकांनी ऑक्टोबरमध्ये आतून धरून ठेवलं. पाळ्या लावल्या, दिवसरात्र कुणी ना कुणी आत असायचं, तिथेच झोपायचं. व्हॅटिकनमध्ये हरले, मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टांत हरले, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मे २०१६ मध्ये, साडेअकरा वर्षांनी, शेवटची प्रार्थना करून ते बाहेर पडले. तेव्हा रात्रीच्या पाळीला कुणाचं नाव लावायचं, हा प्रश्न पहिल्यांदाच उरला नव्हता.