गोव्याचा सांता मोनिका मठ : १६९९ चा ग्रंथ, त्याचें प्रामाण्य आणि दफनाचे दगड

जुन्या गोव्यांतील मोंति सांतु टेकडीवर सांता मोनिका नांवाचा ऑगस्टिनी संन्यासिनींचा मठ आजहि उभा आहे. पूर्वेकडील ख्रिस्ती संन्यासिनींचा हा पहिला मठ होय. त्याचा इतिहास जाणूं इच्छिणारा अभ्यासक प्रथम फ्राय आगुश्तीन्यु द सांता मारिया यांच्या ग्रंथाकडे वळतो. मठाचा पाया १६०६ सालीं घातला गेला. ग्रंथ लिस्बन येथें १६९९ सालीं छापला गेला. म्हणजे घटना व ग्रंथ यांमध्यें ९३ वर्षांचें अंतर आहे. या ग्रंथावर किती भार टाकावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. परंतु ज्यांच्या संग्रहांत स्थलमाहात्म्यें व संतचरित्रें यांच्या पोथ्या आहेत, त्या सर्वांचाच हा प्रश्न आहे.

मठाचे संस्थापक आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश हे स्वतः ऑगस्टिनी होते. १५९९ ची उदयंपेरूर येथील धर्मसभा ज्यांच्या अध्यक्षतेखालीं भरली तेच हे. अनाथ मुलींकरितां व पश्चात्तापदग्ध स्त्रियांकरितां गोव्यांत दोन निराळीं आश्रयगृहें त्यांनीं स्थापिलीं. सांता मोनिका मात्र व्रतस्थ स्त्रियांचा बंदिस्त मठ होता. १८६० सालीं पुण्यास ज्यांनीं शाळा काढली, त्या 'जीझस अँड मेरी' संघाच्या भगिनींशीं या संन्यासिनींची गल्लत करूं नये. त्या भगिनी लोकांत जाऊन शिकवीत. या एकदां आंत गेल्या म्हणजे बाहेर येत नसत.

ग्रंथाचे वाचक बहुधा दोन टोकांस जातात. भाविक त्यांतील प्रत्येक वाक्य घडलेली हकीकत मानितो. चिकित्सक चमत्कारांचें एक पान पाहून सबंध ग्रंथच बाजूस ठेवितो. दोन्ही मार्ग आम्हांस चुकीचे वाटतात. स्तुतिपर वाक्यांचें काय करावें याचा विचार आपल्या मीमांसकांनीं पूर्वींच करून ठेविला आहे. अर्थवादाचे त्यांनीं तीन भेद केले. अन्य प्रमाणाशीं विरोध आला तर गुणवाद, अन्य प्रमाणानें तेंच सिद्ध असेल तर अनुवाद, आणि विरोध नाहीं व दुजोराहि नाहीं तेथें भूतार्थवाद. ही चाळणी वेदवाक्यांकरितां निर्माण झाली खरी. पण मठाच्या इतिहासासहि ती चांगली उपयोगी पडते.

प्रथम अनुवाद. मठाच्या वाट्यास आलेल्या विरोधाचें वर्णन ग्रंथकार विस्तारानें करितो. तें केवळ भक्ताचें रडगाणें नव्हे. मठांत संपत्ति सांचते व विवाहयोग्य मुली आंत जातात, अशी गोवें शहराच्या सभेची राजाकडे तक्रार असे. त्या काळचा शहर व राजदरबार यांमधील पत्रव्यवहार पाहण्यास कुञ्य रिव्हार यांच्या 'आर्कीव्ह पोर्तुगेझ-ओरिएंताल' या संग्रहापासून आरंभ करावा. मात्र शहरसभाहि निःपक्षपाती साक्षीदार नव्हे. जो हुंडा मठास मिळे तो कोणातरी जांवयाच्या हातून जाई, आणि सभेंत बसणारे गृहस्थ त्याच वर्गांतले होते. उलट बाजूस मठाचे कारभारी फ्राय दियोगु द सांतान यांनीं संन्यासिनींचा कैवार घेऊन लेखणी चालविली. वादी व प्रतिवादी दोघेहि ज्या गोष्टी मान्य करितात, त्या निश्चित समजाव्या.

आतां गुणवाद. मठांतील क्रुसावरील मूर्तीनें १६३६ सालीं डोळे उघडले व तिच्या जखमांतून रक्त आलें, ही कथा प्रसिद्ध आहे. तिचें सत्यासत्य हा श्रद्धेचा प्रांत आहे. त्यांत आम्ही शिरत नाहीं. पण ज्या दशकांत मठाचा शहराशीं झगडा चालू होता त्याच दशकांत ही साक्ष लिहिली गेली, आणि त्याच १६३६ सालीं मठ आगींत जळाला, ही कालसंगति इतिहासाच्या प्रांतांतली आहे. साक्ष कोणी घेतली, कोणापुढें घेतली व तिचा उपयोग कोणास झाला, हें विचारण्यानें कोणाची श्रद्धा दुखावण्याचें कारण नाहीं.

राहिला भूतार्थवाद, आणि आमच्या मतें ग्रंथाचें खरें मोल येथेंच आहे. मठांत नांवाजलेल्या संन्यासिनींचीं चरित्रें ग्रंथकारानें दिलीं आहेत. दगडांवर हा मजकूर मिळणें कठीण. गोव्याच्या चर्चांत जमिनींत बसविलेल्या शिळांवर अमक्याची व त्याच्या वारसांची कबर, असा पाठ वारंवार आढळतो. वर कुलचिन्ह असतें. त्यावरून घराण्याची वंशावळ जुळवितां येते. संन्यासिनीस वारस नाहीं. दीक्षेबरोबर तिचें कुलनामहि जातें: फिलिपा फेरेरा नांवाची विधवा मठांत शिरली ती फिलिपा द त्रिंदाद, म्हणजे 'त्रैक्याची फिलिपा' झाली. अशा मठांत दफनहि आवाराच्या आंतच होई, म्हणून तो दगड वाटसरूकरितां नसे. शिळा सांपडली तरी, ती कोणाची लेक हें शिळा सांगणार नाहीं. ग्रंथ व दीक्षेच्या नोंदी मिळूनच तें सांगूं शकतील. घराण्यांचा शोध करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

ग्रंथ व भूमि एकमेकांस कसा आधार देतात याचें उदाहरण त्याच टेकडीवर, जवळच्या ऑगस्टिनी मठाच्या भग्नावशेषांत आहे. जॉर्जियाची राणी केतेव्हान हिला १६२४ सालीं शिराझ येथें मारण्यांत आलें. तिच्या अस्थि या मठाच्या सभागृहांत, दुसऱ्या खिडकीपाशीं ठेविल्याचें पोर्तुगीज कागद सांगत होते. चर्चचें छत १८४२ सालीं कोसळलें, मनोरा १९३१ सालीं अर्धा पडला. तरी कागदांतील खुणेवरून उत्खननांत अस्थि मिळाल्या. हैदराबाद येथील प्रयोगशाळेंत झालेली त्यांची परीक्षा २०१४ सालीं प्रसिद्ध झाली व ती त्या ओळखीस अनुकूल ठरली. २०२१ सालीं अस्थींचा अंश भारतानें जॉर्जियास दिला. भूतार्थवादाचा अनुवाद झाला तो असा.

पोर्तुगालांत १८३४ सालीं धर्मसंघ बंद झाले व पुढील वर्षीं तो हुकूम गोव्यांत अमलांत आला. पुरुषांचे मठ रिकामे झाले. संन्यासिनींस राहूं दिलें, पण नवी दीक्षा बंद केली. शेवटची संन्यासिनी १८८५ च्या सुमारास वारली. पुढें त्या इमारतींत शिपायांची छावणी होती. १९६४ पासून तेथें भगिनींकरितां धर्मशिक्षणाची संस्था झाली व २००२ सालीं ख्रिस्ती कलेचें संग्रहालय राशोलहून तेथें आलें. ज्या घराचे राहणारे असे एकामागून एक मरून संपले, त्याची परंपरा तोंडी उरत नाहीं. जें उरतें तें कागदावर व दगडावर.

म्हणून आमचा अभिप्राय असा : १६९९ चा ग्रंथ माहात्म्य आहे, आणि माहात्म्य म्हणूनच तो वाचावा, पण टाकूं नये. त्यांतील नांवांची अकारविल्हे यादी करावी, पणजीच्या दप्तरखान्यांतील कागदांशीं ती ताडून पाहावी, आणि टेकडीवरील प्रत्येक अक्षरयुक्त शिळेचा ठसा झिजण्यापूर्वीं घ्यावा. ज्यांना पोर्तुगीज येतें त्यांनीं पहिलें काम हातीं घ्यावें. ठसा घेण्यास मात्र शाईचा कागद व चिकाटी एवढेंच भांडवल पुरतें.

पेठ, जिल्हा नाशिक