पिठाचा डबा आणि दातृत्व : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तेव्हापासून आजवर या आत्मचरित्राची थोरवी मराठी समीक्षेने मुक्तकंठाने गायिली आहे. त्याची साधी घरगुती भाषा, त्यातील निर्मळ विनोद, स्वतःकडेही हसून पाहण्याची लेखिकेची वृत्ती, यांविषयी नव्याने सांगण्यासारखे फार थोडे उरले असेल. धर्मांतराची कहाणी म्हणूनही ते वारंवार वाचले गेले. परंतु या पुस्तकात आणखी एक धागा पहिल्या पानापासून अखेरपर्यंत गेलेला आहे व त्याकडे आपल्या ख्रिस्ती वाचकांचेही म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. तो धागा घरातल्या पैशाचा. कुटुंबाने देवाच्या नावाने किती द्यावे, कोणी द्यावे आणि मुख्य म्हणजे कोणाच्या ताटातले द्यावे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी कोठेही प्रश्न म्हणून मांडलेला नाही; पण त्यांनी तो आयुष्यभर सोसला आहे.

टिळक दांपत्य प्रोटेस्टंट पंथाचे होते, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. रेव्हरंड टिळकांची भजने आपल्या पवित्र मिस्सात भक्तिभावाने गाताना जो पंथभेद आड येत नाही, तो त्यांच्या घराची कथा वाचतानाही येऊ नये.

टिळकांच्या दातृत्वाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. व्यासपीठावरून बोलणारा त्यांना संत ठरवतो : हाती आले ते वाटून टाकले, उद्याची चिंता केली नाही, आकाशातल्या पाखरांसारखे जगले. साहित्याचा अभ्यासक त्यांना अव्यवहारी कवी म्हणून प्रेमाने हसतो आणि पुढे जातो. दोघेही एक साधा कालक्रम विसरतात. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. विवाह त्यापूर्वी सुमारे पंधरा वर्षे झालेला होता. एक नोकरी सोडायची, दुसरी धरायची, न सांगता घरातून निघून जायचे, पैसा हाती आला की तो कसा गेला याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हा सारा प्रकार बाप्तिस्म्याच्या आधीच्या प्रकरणांत भरपूर आहे. म्हणजे उधळेपणा हा टिळकांचा मूळ पिंड होता; श्रद्धेने तो निर्माण केला नाही.

मग श्रद्धेने काय केले? कृपा माणसाचा स्वभाव मोडून टाकीत नाही, त्याच स्वभावाला ती पूर्णतेकडे नेते, असे संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेत आम्हाला शिकविले जाते. टिळकांच्या बाबतीत ते अक्षरशः दिसते. डोंगरावरील प्रवचनाने हा माणूस भारला गेला होता. जो हात पूर्वी लहरीने मोकळा होत असे, तो आता दुःखिताला पाहून मोकळा होऊ लागला. दिशा बदलली; हिशेब मात्र पूर्वीही नव्हता, नंतरही आला नाही. हिशेब राहिला लक्ष्मीबाईंकडे.

येथे लेखिकेच्या विनोदाविषयी थोडे वेगळे मत नोंदवावेसे वाटते. हा विनोद पुस्तकाचे बलस्थान आहे हे खरेच. पण तो वाचकाला फसवतोही. घरात काही नसताना यजमान पाहुणे घेऊन उभे राहतात, आपण हसतो आणि पान उलटतो. त्या पाहुण्यांच्या पानात अन्न कोठून आले, उसनवारी कोणाकडे झाली आणि ती फिटली कशी, हे विचारायचे राहून जाते. लक्ष्मीबाईंनी गाऱ्हाणे मांडले नाही, म्हणून गाऱ्हाणे नव्हतेच असे समजणे हे आळशी वाचन होय. डब्यात पीठ किती आहे हे ज्याला माहीत नाही त्याला देणे सोपे जाते. ते जिला नेमके माहीत आहे, तिचे देणे निराळ्या जातीचे असते.

शुभवर्तमानातील विधवेची दोन नाणी आपण दरवर्षी प्रवचनांत ऐकतो. ती नाणी तिची स्वतःची होती. आपल्या जवळ काय आहे हे तिने पाहिले होते आणि मग ती दानपेटीशी गेली. सारफथच्या विधवेलाही मूठभर पीठ आणि थोडेसे तेल एवढेच उरले आहे हे पक्के ठाऊक होते. एलियाने प्रथम मला भाकर दे म्हणून मागितले, ते तिच्याकडे; घरातल्या दुसऱ्या कोणाकडे नव्हे. उलटपक्षी, मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू ‘कुर्बान’ प्रथेवर केवढे कठोर बोलतात! आईबापांच्या पोषणाचे जे होते ते देवाला वाहिले, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना त्यांनी देवाची आज्ञा मोडणारे ठरविले आहे. टिळकांना या पंक्तीत बसविण्याचा हेतू नाही. त्यांच्या देण्यात कपटाचा लवलेशही नव्हता. परंतु घरधनीण व लेकरे यांचा वाटा विचारात न घेता केलेले दान शास्त्राच्या कसोटीला पुरते उतरत नाही, एवढे म्हणावेच लागते. कॅथलिक ख्रिस्तसभेने दशमांशाची सक्ती केलेली नाही. १९८३ सालच्या कॅनन कायद्याचे २२२वे कलम ख्रिस्तसभेच्या गरजा भागविण्याचे आणि आपल्या उत्पन्नातून गरिबांना साह्य करण्याचे कर्तव्य सांगते, आकडा सांगत नाही. आकडा ठरवायचा तो घरात बसून.

लक्ष्मीबाईंचे स्वतःचे दातृत्व या पार्श्वभूमीवर पाहावे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षे ही बाई सोवळेओवळे सांभाळीत झुंजली आणि १९०० साली तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. ते दिवस मोठ्या दुष्काळाचे होते. त्या घरात निराधार मुले आली, वाढली. पुढे प्लेगच्या साथीत रोग्यांच्या शुश्रूषेला ती स्वतः उभी राहिली. हे करणारी बाई भाबडी नव्हती. एक तोंड वाढले म्हणजे भाकरी किती वाढतात हे तिला कळत होते. माझ्या मते ‘स्मृतिचित्रे’तील खरी दात्री ही आहे, आणि पुस्तक ज्यांच्या स्मरणार्थ लिहिले गेले त्यांच्याकडे पाहण्याच्या भरात आपण तिला केवळ सहनशील पत्नी करून ठेवले आहे.

हे पुस्तक माकणीसारख्या गावात बसून वाचले, तर त्याचा अर्थ अधिक लागतो. आमच्या धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी पगाराची तारीख नसते. जूनमध्ये पेरणीला पैसा निघतो, सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येते, तूर त्याहून उशिरा. तेरणेवरचे धरण गावाजवळ असले तरी पाऊस रुसला की धरणही रुसते. अशा घरात देणे म्हणजे शिलकीतून काढणे नव्हे. तरीही खळ्यावर रास पडली की पहिली मापे दुसऱ्यांची, ही रीत येथे जुनी आहे. आणि मापे किती, हे खळ्यावर पुरुष बोलत असला तरी कणगीचा अंदाज आतून आलेला असतो. आता बचत गटाच्या वहीतही तोच अंदाज बाईच्या अक्षरात दिसतो.

आणि येथील माणसांना घेणेही माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी-सास्तूरचा हा सारा पट्टा भूकंपाने हादरला आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. कणगी भरलेली असणारी घरेसुद्धा दुसऱ्याने पाठविलेल्या घोंगडीसाठी रांगेत उभी राहिली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात संत पौल समतेविषयी सांगतो : आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरील, उद्या त्यांची तुमची. ‘स्मृतिचित्रे’तही हे घेण्याचे अंग आहे. स्नेहीसोबत्यांनी वेळोवेळी या कुटुंबाला सावरले, आणि लक्ष्मीबाई ते मोकळेपणाने, मिंधेपणा न दाखविता सांगतात. दात्याच्या चरित्रात सहसा न सापडणारी ही पाने मला फार मोलाची वाटतात.

एका बाबतीत मात्र पुस्तक हात राखून आहे. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. पगार सोडण्याचा निर्णय म्हणजे कुटुंबाने दिलेली सर्वांत मोठी देणगी; त्या वेळी घरात नेमके काय बोलणे झाले असेल याचा आपल्याला तर्कच करावा लागतो. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि संसार लक्ष्मीबाईंवर राहिला. टिळकांच्या कागदपत्रांत ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे पडून होते. नवऱ्याकडून घरीच अक्षरे शिकलेल्या या बाईने ते हाती घेतले आणि त्याचे बहुतेक अध्याय स्वतः रचले.