कागदावरचे आयर्लंड

१६०३ च्या सुमारास रिचर्ड बार्टलेट हा इंग्रज नकाशाकार आयर्लंडच्या वायव्येकडील डोनेगलच्या मुलखात गेला आणि तेथील रहिवाशांनी त्याचे शिर धडावेगळे केले. सर जॉन डेव्हिस या सरकारी अधिकाऱ्याने १६०९ मध्ये याचे कारण नोंदवले आहे. आपला मुलूख कोणी हुडकून काढू नये, एवढीच त्या लोकांची इच्छा होती. बार्टलेटने अल्स्टरचे काढलेले नकाशे आज पाहिले तर ते अतिशय देखणे वाटतात. किल्ले, नद्या, जळकी घरे, सारे नाजूक हाताने रंगवलेले. ज्यांच्या मुलखाचे ते होते, त्यांना त्यात सौंदर्य दिसले नाही. त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता, हे पुढील पन्नास वर्षांनी दाखवून दिले.

लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली तेव्हापासून आयर्लंड हे नाव मराठी वाचकाच्या कानावर आहे. मात्र त्या देशाचा इतिहास आपण बहुधा वीरांच्या चरित्रांतून वाचतो. तो जमिनीच्या कागदांतून वाचावा असे आम्हांला अलीकडे प्रकर्षाने वाटू लागले आहे. त्या दृष्टीने एक नकाशासंग्रह, एक नाटक आणि एक आत्मकथा यांचा येथे एकत्र विचार करू.

क्रॉमवेलच्या स्वारीनंतर कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. त्या सैनिकांना आणि युद्धाला कर्ज देणाऱ्या सावकारांना वाटायच्या होत्या. वाटण्यापूर्वी मोजणे आले. सैन्याचा वैद्य असलेल्या विल्यम पेटीने हे काम कंत्राटावर घेतले आणि १६५५-५६ या अल्पकाळात, काम नसलेल्या शिपायांच्या हाती साखळ्या देऊन, ते बहुतांशी पुरे केले. ‘डाउन सर्व्हे’ म्हणून ही मोजणी प्रसिद्ध आहे. ट्रिनिटी कॉलेजच्या विद्वानांनी उरलेल्या प्रती गोळा करून २०१३ मध्ये त्या सर्वांना पाहता येतील अशा केल्या. हे नकाशे पाहताना एक गोष्ट मनाला चटका लावते. त्यांत काही भाग तपशिलाने भरलेले आहेत, तर काही कोरे. कोरा भाग ओसाड नाही; तो प्रॉटेस्टंट मालकांचा, म्हणून मोजण्याची गरज नसलेला. ज्या शेताचा बांध, ओढा, दलदल काळजीपूर्वक रेखाटली आहे ते शेत गेले असे समजावे. १६४१ मध्ये देशातील सुमारे साठ टक्के जमीन कॅथलिकांकडे होती. १७०३ पर्यंत ती चौदा टक्क्यांच्या आसपास आली. पेटीला स्वतःला केरी परगण्यात अफाट जमीन मिळाली. तो बुद्धिमान होता यात शंका नाही. संख्याशास्त्राच्या जनकांत त्याची गणना होते आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच्या आकड्यांखाली काय दडले आहे हे विसरून ती करू नये.

दुसरी मोठी मोजणी ऑर्डनन्स सर्व्हेची. १८२४ मध्ये कर्नल कोल्बी यांच्या हाताखाली ती सुरू झाली. हेतू जप्तीचा नव्हता. स्थानिक कराची आकारणी समान व्हावी, हा होता. एका मैलास सहा इंच या प्रमाणात सारा देश उतरवला गेला. लॉक फॉइल येथील मूळरेषा मोजण्यासाठी कोल्बीने लोखंड व पितळ जोडून, उन्हाने लांबी बदलू नये अशा पट्ट्या बनवल्या. १८२९ मध्ये जॉर्ज एव्हरेस्टने आयर्लंडमधले हे काम जाऊन पाहिले आणि तसल्याच पट्ट्यांनी पुढे कलकत्त्याची मूळरेषा मोजली. एका वसाहतीत घडवलेले हत्यार दुसरीत असे येऊन पोचते.

याच मोजणीवर ब्रायन फ्रील यांचे ‘ट्रान्सलेशन्स’ हे नाटक उभे आहे. सप्टेंबर १९८० मध्ये डेरीच्या गिल्डहॉलमध्ये, म्हणजे ब्रिटिश सैन्य रस्त्यांवर उभे असलेल्या शहरात, त्याचा पहिला प्रयोग झाला. कथा १८३३ मधील एका खेड्यातली. गोठ्यात भरणारी शाळा, लॅटिन आणि ग्रीक जाणणारा मद्यपी मास्तर, आणि इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर गावची आयरिश नावे इंग्रजीत बदलण्यास आलेला त्याचा मुलगा ओवेन. इंग्रज त्याला ‘रोलंड’ म्हणतात आणि तो बराच काळ ते सुधारतही नाही. फ्रील यांची खरी करामत अशी की रंगमंचावर सारे इंग्रजीच बोलतात, तरी कोण आयरिश बोलत आहे आणि कोणाला काय कळत नाही हे प्रेक्षकाला लख्ख कळते. आपल्या भाषेत मेलेली भाषा ऐकू येते. आधुनिक रंगभूमीवर इतक्या साध्या युक्तीने इतका मोठा परिणाम क्वचितच साधला गेला असेल.

आमचा आक्षेप दुसऱ्या ठिकाणी आहे. जॉन अँड्रूज यांचा ‘अ पेपर लॅण्डस्केप’ हा या मोजणीचा इतिहास १९७५ चा. फ्रील यांनी तो वाचला होता. नाटकाच्या प्रेरणांत तो आहे. पुढे अँड्रूज यांनीच दाखवून दिले की मोजणीदार संगिनी घेऊन फिरत नव्हते, आणि नाटकातल्या कॅप्टन लान्सीसारखी गुरे मारण्याची व गाव उठवण्याची धमकी देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. फ्रील यांनी ही मोकळीक घेतल्याचे प्रांजळपणे मान्य केले. नाटककाराला ती मोकळीक असावी हे आम्हांलाही मान्य आहे. खटकतो तो ओवेन. कारण त्याच्या जागी इतिहासात जॉन ओडॉनोव्हन उभा आहे, आणि त्याच्यावर अन्याय होतो.

किल्केनी परगण्यातल्या शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा कॅथलिक पंडित ऑर्डनन्स सर्व्हेत नोकरीला लागला. साठ हजारांहून अधिक शिवारांची नावे ठरवण्याचे काम त्याच्याकडे होते. तो गावोगाव पायी हिंडला, म्हाताऱ्यांना उच्चार विचारले, जुनी हस्तलिखिते ताडून पाहिली आणि मूळ आयरिश रूप वहीत लिहून मगच इंग्रजी लिपीतले रूप सुचवले. पावसात भिजून, सराईत राहून त्याने डब्लिनला धाडलेली पत्रे आज आयरिश स्थलनामांच्या अभ्यासाचा पाया आहेत. नकाशावर इंग्रजी वळणाचीच नावे छापली गेली, हे खरे. पण वहीत मूळ नाव उरले ते या सरकारी नोकरामुळे. आयरिश भाषा बोलणारे कमी झाले ते १८४५ नंतरच्या दुष्काळाने, स्थलांतराने आणि शाळेतल्या इंग्रजीने. त्या शाळांची चाहूल नाटकातही आहे. हा सारा भार मोजणीदाराच्या खांद्यावर टाकणे रंगभूमीला सोयीचे आहे, एवढेच. मालकाचा पगार घेऊन आपल्या माणसांचे धन जपणारा माणूस ओवेनपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. त्याच्यावर नाटक लिहिले जावे असे आम्हांला फार वाटते.

तिसरा ग्रंथ अर्नी ओमॅली यांचा ‘ऑन अनदर मॅन्स वून्ड’. तो १९३६ मध्ये निघाला. १९१६ मध्ये डब्लिनमध्ये वैद्यक शिकणारा हा तरुण पुढे स्वयंसेवकांचा संघटक म्हणून परगण्यांमागून परगणे तुडवत गेला. स्वातंत्र्ययुद्धावरच्या पुस्तकांत डॅन ब्रीन यांचे १९२४ चे पुस्तक अधिक वाचले गेले असेल. बंगालच्या क्रांतिकारकांपर्यंतही ते पोचले. ब्रीन सांगतात ते घडलेले. ओमॅली सांगतात ते पाहिलेले. धुक्यातले डोंगर, दलदलीचा वास, स्वयंपाकघरातला विस्तव, परक्या गावात सावधपणे मोजलेले शब्द, हे सारे त्यांच्या गद्यात येते. तरीही त्यांना शेतकऱ्यांत आपण कधीच पूर्ण मिसळलो नाही याची जाणीव आहे आणि ती ते लपवीत नाहीत. शौर्यकथांत हा प्रामाणिकपणा दुर्मीळ असतो.

डिसेंबर १९२० मध्ये ते किल्केनीतील इनिस्टिओग येथे पकडले गेले तेव्हा त्यांच्याजवळच्या वहीत स्थानिक स्वयंसेवकांची नावे होती. त्यामुळे माणसे पकडली गेली. बार्टलेटचे मस्तक उडवणाऱ्यांना जी भीती होती तीच ही: आपली नावे कागदावर चढतात आणि कागद शत्रूच्या हाती जातो.

यादवी युद्धाच्या प्रारंभी ओमॅली डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत कराराच्या विरोधकांबरोबर होते. ३० जून १९२२ रोजी तेथील सरकारी दप्तरखाना स्फोट आणि आगीत गेला. कित्येक शतकांची दप्तरे, जनगणनेचे तक्ते, धर्मग्रामांच्या नोंदवह्या, आणि १७११ च्या आगीतून वाचलेले पेटीचे मूळ नकाशेही. जळक्या कागदांचे कपटे शहरभर उडत होते. दोष कोणाचा यावर इतिहासकारांचे एकमत नाही. ‘द सिंगिंग फ्लेम’ या त्यांच्या दुसऱ्या भागात, जो मरणोत्तर १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला, हा प्रसंग आहे. परंतु त्या कागदांबद्दल जितकी खंत आम्ही अपेक्षिली होती तितकी तेथे आढळत नाही. हे त्या ग्रंथाचे उणे आम्ही समजतो. जप्तीचा पुरावा जळाला तर जप्ती पुसली जात नाही. फक्त हरलेल्याच्या हातचा दावा जातो. बॅरनींच्या नकाशांचा एक संच १७०७ मध्ये फ्रेंचांनी समुद्रात पकडला होता. तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात राहिला म्हणून आज बरेच काही दिसते.

दप्तरखान्याची भरपाई म्हणावे असे दोन प्रयत्न झाले. जगभरच्या संग्रहांतील प्रतींवरून नष्ट दप्तर पुन्हा उभे करण्याचा प्रकल्प जून २०२२ मध्ये लोकांसमोर आला. दुसरा प्रयत्न स्वतः ओमॅली यांनी फार पूर्वी केला. उतारवयात, जखमांनी जर्जर असताना, ते परगण्यांतून पुन्हा हिंडले आणि चारशेहून अधिक जुन्या सोबत्यांच्या हकीकती वह्यांत उतरवून घेतल्या. अक्षर असे की वाचणाऱ्यांची पुढची पन्नास वर्षे त्यात गेली. ओडॉनोव्हनसारखेच ते म्हाताऱ्यांच्या विस्तवापाशी बसून लिहीत होते. या वेळी मात्र पगार कोणाचाही नव्हता. त्या वह्या डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहेत आणि २०१२ पासून त्यांतील हकीकती परगणावार छापल्या गेल्या. केरीच्या हकीकतींचे पुस्तक त्याच वर्षी निघाले.