‘माय अँटोनिया’तील गवतावरचे वर्तुळ

विला कॅथर यांच्या ‘माय अँटोनिया’ (१९१८) या कादंबरीचा विचार करताना अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या वेब्स्टर काउंटीचे नाव टाळता येत नाही. कॅथर १८८३ साली, वयाच्या नवव्या वर्षी, व्हर्जिनियाहून तेथे आल्या. त्या काउंटीतील रेड क्लाउड हे गाव कादंबरीत ‘ब्लॅक हॉक’ या नावाने अवतरले. लेखिकेचे तेथील बालपणीचे घर जतन करण्यात आले आहे. नायिकेचे मूळ मानल्या जाणाऱ्या ॲना पावेल्का यांचे शेतघरही राखलेले आहे. परिणामी, ही कादंबरी म्हणजे आद्य वसाहतकारांचा दस्तऐवजच होय, असे मानण्याकडे वाचकांचा कल होतो.

हा कल निराधार नाही. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन पाच वर्षांच्या वहिवाटीनंतर जवळजवळ फुकट मिळे, हे इतिहासाचे विद्यार्थी जाणतातच. कॅथर मात्र त्याची दुसरी बाजू दाखवितात. शिमर्डा हे बोहेमियन कुटुंब आपल्याच एका देशबांधवाकडून अवाच्या सवा किंमत देऊन जमीन घेते आणि मातीत खोदलेल्या बिळवजा घरात पहिला हिवाळा काढते. त्याच हिवाळ्यात बाप आत्महत्या करतो. ‘फुकट जमीन’ या शब्दप्रयोगाचे इतके निर्दय भाष्य क्वचितच आढळेल.

तथापि ‘आद्य’ या शब्दाचे काय? कादंबरीच्या पहिल्या भागात एक लहानसा प्रसंग आहे. तळ्यापलीकडील उतारावर गवतात एक मोठे वर्तुळ अंधूक दिसते. हलका हिमवर्षाव झाला की ते स्पष्ट उमटते. तेथे इंडियन लोक घोडे फिरवीत. मधल्या खांबास कैदी बांधून त्यांचा छळ होई, असे शेतगडी ठामपणे सांगतात. तेथे केवळ शर्यती होत असाव्यात, असे आजोबांचे मत. निवेदक जिम बर्डन मात्र ते वर्तुळ शुभशकुन मानतो. प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या कादंबरीतील हा सर्वांत अस्वस्थ करणारा शकुन आहे. या प्रसंगात त्या लोकांच्या जमातीचे नावही येत नाही. उलट, सोळाव्या शतकातील कोरोनाडो या स्पॅनिश सरदाराविषयी जिम पुढे मोठ्या तन्मयतेने बोलतो.

आता याच काउंटीत, रिपब्लिकन नदीकाठी, पॉनी लोकांचे मोठे गाव होते. १८०६ साली झेब्युलन पाइक तेथे येऊन गेला. पाइकने पाहिलेले गाव आपल्याच हद्दीत होते, असा शेजारच्या कॅन्सस राज्याचा दावा होता आणि १९०१ साली त्याने तसा स्मारकस्तंभही उभारला. पुढे उत्खननाने कौल वेब्स्टर काउंटीच्या बाजूने दिला. (पॉनींना घालविल्यावर त्यांच्या गावासाठी दोन राज्यांनी भांडावे, हेही नवलच!) प्लॅट नदीच्या दक्षिणेची भूमी पॉनींनी १८३३च्या तहाने सोडली, आणि १८७५पर्यंत बहुतेकांचे इंडियन टेरिटरीत स्थलांतर झाले. कॅथर कुटुंब आले तेव्हा या घटनेस दहा वर्षेही झाली नव्हती. जिमला जे प्राचीन भासते, ते त्याच्या जन्माच्या आगेमागेचे आहे.

याकरिता लेखिकेस दोषी ठरवावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. गड्यांचे मत आणि आजोबांचे मत ही दोन्ही तिने निर्णय न देता शेजारी ठेवली आहेत. जिमच्या भाबडेपणावरही पांघरूण घातलेले नाही. दोष असलाच तर तो जिमच्या डोळ्यांनी पाहून त्यासच काउंटीचा इतिहास म्हणणाऱ्या वाचनाचा आहे.

शिमर्डांच्या कबरीचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. शेताच्या ज्या कोपऱ्यात म्हातारा पुरला, तेथेच पुढे दोन रस्ते मिळतात. पण दोन्ही किंचित वळून कबरीस वाट देतात. आसमंतातील लाल गवत नांगराखाली गेले, तरी कबरीवरचे कोणी कापीत नाही. १९७४ साली रेड क्लाउडच्या दक्षिणेस कॅथर यांच्या नावाने ६०० एकरांहून अधिक गवताळ प्रदेश राखून ठेवण्यात आला. कादंबरीत मात्र ते गवत एका परक्या माणसाच्या थडग्यावर उरते. आणि वर्तुळ दिसण्यासाठी बर्फ पडावे लागते.