संवेदना, संस्कार आणि जीवनानंदांची कविता

सौंदर्यचर्चेत ‘रसिक’ हा शब्द ज्या सहजतेने वापरला जातो, त्याच सहजतेने एक गृहीतकृत्यही स्वीकारले जाते. निरोगी माणसांची इंद्रिये सारखीच असतात, भेद पडतो तो केवळ अभिरुचीत, असे ते गृहीतकृत्य होय. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातील ललितकलांच्या विवेचनामागेही ते उभे आहे. रंग, स्वर या संवेदना. संवाद, विरोध व समतोल या नियमांनी सिद्ध झालेली त्यांची लयबद्ध रचना म्हणजे कलाकृती. तेव्हा ज्याची इंद्रिये शाबूत, त्याला तिची वाट मोकळी. जीवनानंद दास यांच्या कवितेपाशी मात्र ही समजूत अडखळते.

बुद्धदेव बसू यांच्या ‘कविता’ त्रैमासिकात १९३५ साली जीवनानंदांची ‘मृत्यूर आगे’ ही कविता आली, तेव्हा रवींद्रनाथांनी तिला ‘चित्ररूपमय’ म्हटले. या कवीच्या प्रतिमा डोळ्यांइतक्याच नाकाला आणि त्वचेलाही जाणवतात, असा पुढे बुद्धदेवांचा अभिप्राय पडला. दोघेही श्रेष्ठ वाचक, कवी एकच. परंतु एकाचा कौल प्रथम दृष्टीकडे गेला, दुसऱ्याचा घ्राणाकडे व स्पर्शाकडेही. हा भेद नुसत्या जन्मस्थळावरून उलगडत नाही. पद्मेच्या काठी रवींद्रनाथांनीही वर्षे घालविली होती. पार्श्वभूमी म्हणजे केवळ भूगोल नव्हे. कोणत्या इंद्रियावर विसंबायचे याचे जे वळण आयुष्यभर लागत जाते, तेही तीत येते.

मानसशास्त्राची साक्षही याच बाजूची आहे. लांबीविषयीचे दृष्टिभ्रम सर्व समाजांत सारख्याच तीव्रतेने जाणवत नाहीत, हे सीगल, कॅम्बेल व हर्स्कोव्हिट्स यांनी १९६६ मध्ये दाखविले. त्याच्या कारणांविषयी मात्र मतभेद आहेत. मलाया द्वीपकल्पातील जहाई लोक रंगाइतक्याच सहजतेने वासाला नाव देतात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. इंग्रजी भाषकांना ते साधले नाही. नाक तेच, वळण निराळे.

जीवनानंदांचा जन्म १८९९ चा, बारिसालचा. फाळणीच्या सुमारास ते कलकत्त्यास आले आणि बालीगंजमध्ये ट्रामच्या धडकेने जखमी होऊन २२ ऑक्टोबर १९५४ रोजी निवर्तले. ‘रूपसी बांगला’ १९५७ मध्ये निघाला, तेव्हा दक्षिण कलकत्त्यात पूर्व बंगालमधून विस्थापित झालेली असंख्य कुटुंबे वसली होती. त्यांतील वाचकाला धानाचा, पाणगवताचा, ओल्या वाटेचा वास ही आठवण होती. शेजारच्या घरी शहरातच वाढलेल्या वाचकाला ती पहिली ओळख होती. एकाच रस्त्यावर एकच ओळ दोन संवेदना जागवीत होती.

मराठी अनुवादकापुढे हीच अडचण शब्दरूपाने येते. बंगालीतील ‘गंध’ कोणत्याही वासाला चालतो. मराठीत ‘गंध’ म्हटले की सहाणेवरचे चंदन आणि देवघर जवळ येते. जीवनानंदांचा आवडता ‘घ्राण’ हा शब्द बंगालीत प्रत्यक्ष वासाचा वाचक. मराठीत तो इंद्रियाकडे वळतो. ‘वास’ लिहावा, तर कवितेचा सूर उतरतो. उलट मराठीचे ‘खमंग’ आणि ‘कुबट’ हे शब्द आपापली स्वयंपाकघरे आणि पावसाळे बरोबर घेऊनच येतात. वासाचा शब्द बदलला की त्यामागचे घर बदलते.

मग अशी कविता परप्रांतीयाला कायमची बंदच म्हणावयाची काय? येथे मर्ढेकरांचाच दुसरा विचार साहाय्यास येतो. साहित्याचे माध्यम संवेदना नसून भावनात्मक अर्थ होय, आणि प्रतिमांना जोडते ती भावनानिष्ठ समतानता, असे त्यांनी म्हटले. घारीच्या पंखांना उन्हाचा वास येतो, ही जीवनानंदांची कल्पना बारिसालच्या माणसानेही नाकाने पडताळलेली नसते. दिवसभराचे ऊन, श्रम आणि संध्याकाळची निवृत्ती यांचे भावनेतील नाते ज्याला उमगते, त्याला तो वास येतो. मग तो वाचक कोकणातला असो वा वऱ्हाडातला. मर्ढेकरांच्या ललितकलाविचाराने जी समान इंद्रिये गृहीत धरली, त्यांची गरज त्यांच्या साहित्यविचाराला उरत नाही.

म्हणून अनुवादकाने वासाला प्रतिशब्द शोधण्यापूर्वी त्या वासाची कवितेतील नाती राखावीत. समीक्षकानेही ‘रसिक’ हा शब्द एकवचनी वापरताना थोडे थांबावे. संवेदना संस्काराने घडते हे खरे. पण कविता हाही एक संस्कारच आहे.